केग म्हणजे बढती नव्हे

अमेरिकेत घरी बिअर करायला लागलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘बाटल्या भरत बसू नका, केग (बिअर ठेवायचं स्टीलचं पिंप) घ्या. बिअर दोन दिवसांत तयार, धुवायला एकच भांडं, बाटल्या फुटायची भीती नाही, पैसे वर्षात वसूल, आणि चव तर बाटलीपेक्षा सरसच.’ गराजमध्ये पातेली चढवणारी तिथली मराठी मंडळीही हेच सांगतात. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर काढणं बेकायदा आहे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन मोकळीक दिली. तेव्हा पुढचं सगळं तिकडचं.)

दोन दिवसांत तयार होतो तो फक्त फेस. गार बिअरवर 30 पीएसआय (दर चौरस इंचाला 30 पौंड) दाबाने दीड दिवस सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडला की ती फसफसते, हे खरं. पण कोवळ्या बिअरमधला हिरव्या सफरचंदासारखा वास किंवा लोण्यासारखी चव गॅसने जात नाही. ते यीस्टचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो. लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) असेल तर कित्येक आठवडे. बाटलीत थोडी साखर घालतात, ती खाऊन यीस्टच फेस आणतं; त्याला लागणारे दोन आठवडे त्यामुळे फुकट जात नाहीत.

‘एकच भांडं’ म्हणणाऱ्याने केग कधी उघडून पाहिला असेल का, शंका आहे. कॉर्नी केगला (घरी वापरतात तो 19 लिटरचा केग) पाच ओ-रिंगा (रबरी कड्या), दोन झडपा, आत दोन नळ्या; बाहेर बिअरची लांब नळी आणि तोटी. नळी दर दोन-तीन आठवड्यांनी धुतली नाही, तर पुढची बिअर आंबूस लागते. बाटलीचं म्हणाल, तर पिऊन झाल्या झाल्या विसळून ठेवली की भरायच्या दिवशी फक्त निर्जंतुक करायची. पण 19 लिटरच्या घाण्याला 355 मिलीच्या पन्नासेक बाटल्या लागतात आणि तो दिवस कंटाळवाणा असतो, यात वाद नाही.

वसुलीचं गणित मांडताना केगचीच किंमत धरली जाते. सिलिंडर, रेग्युलेटर, तोटी आणि अख्खा एक जास्तीचा फ्रिज सोयीस्करपणे विसरला जातो. सिलिंडरची दर पाच वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. जुने केग मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी बनलेले: पेप्सीचे बॉल लॉक, कोकचे पिन लॉक. एकाची जोडणी दुसऱ्याला बसत नाही. बाटल्या मित्रांकडून फुकट मिळतात. फक्त पिळून उघडायच्या नकोत, त्यांच्यावर नवं झाकण घट्ट बसत नाही.

आता चव. इथे सल्ला निम्मा बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवतो. गढूळ, हॉप्सने (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांनी) भरलेली न्यू इंग्लंड आयपीए ही बिअर ऑक्सिजन लागला की करपट रंगाची होते, सुगंध उडतो. तिला केगच द्यावा. पण आधी केगमधली हवा गॅसने हाकलून, बंद नळीतून बिअर आत घेतली तरच. झाकण उघडून वरून ओतणाऱ्याने केगवर उगाच खर्च केला. बाटलीत निदान जिवंत यीस्ट साखर खाताना थोडाफार ऑक्सिजनही टिपतं.

जर्मन गव्हाच्या बिअरची गोष्ट उलटी. तिला फेस लागतो साधारण साडेतीन पट, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये साडेतीन लिटर गॅस. फ्रिजच्या तापमानाला त्यासाठी नेहमीच्या 11-12 पीएसआयच्या जवळजवळ दुप्पट दाब ठेवावा लागतो, आणि नेहमीच्या नळीतून मग ग्लासात नुसता फेस पडतो. जाड काचेच्या बाटलीत हा प्रश्नच येत नाही. बेल्जियन ट्रिपेल किंवा वर्षानुवर्षं मुरवायची बार्लीवाइन या कडक बिअर तर बाटलीच्याच. दर हिवाळ्यात एकेक उघडायच्या बिअरने फ्रिजमधला केग का अडवून ठेवायचा?

बाटल्या फुटतात, त्याला कारणं असतात. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटली भरली, साखर चमच्याने अंदाजे घातली, किंवा रानटी यीस्ट शिरलं. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजून आंबणं किती झालं ते सांगणाऱ्या काचेच्या नळीचा) आकडा तीन दिवस हलला नाही, 19 लिटरला 115 ते 130 ग्रॅम कॉर्न शुगर वजन करून घातली, तर नेहमीच्या फेसाच्या बिअरला धोका फार थोडा. केगही निर्धोक नाही. पाच पौंडी सिलिंडर गळला, तर सव्वा घनमीटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड खोलीत पसरतो. बंद कोठीत ठेवायची ती वस्तू नव्हे.

स्पर्धेला बहुधा बाटल्याच पाठवाव्या लागतात, पॉटलकलाही त्या न्यायला सोप्या. केगवाले मग केगमधून बाटल्या भरायचं आणखी एक यंत्र विकत घेतात. त्यापेक्षा केग भरण्याच्या दिवशीच डझनभर बाटल्या बाजूला भरून प्रत्येकीत साखरेची एक गोळी टाकली, तर ते यंत्र लागत नाही.