‘आकडे बघू नका’ म्हणणाऱ्यांना

नागपुरातल्या गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘हाय-एंड ऑडिओ कानांनी घडतो, मीटरनं नाही. सत्तरच्या दशकातले अ‍ॅम्प्लिफायर आकड्यांत अव्वल होते, पण वाजायचे रुक्ष. ट्यूबचे आकडे वाईट, पण आवाज गोड. म्हणून आकडे बघू नका. दुकानात बसा, ऐका आणि घ्या.’ बर्डीत मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. लोक पेन्शनच्या पैशांतून ही यंत्रं घेतात, म्हणून उत्तर देतोय.

सत्तरचं उदाहरण खरं आहे, निष्कर्ष उलटा आहे. तेव्हा स्थिर सुरावरचं डिस्टॉर्शन (आवाजात शिरणारी विकृती) मोजायचे आणि फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल परत आत आणून चूक दुरुस्त करणं) वाढवून तो आकडा खाली आणायचे. आतलं सर्किट संथ असेल तर आवाज एकदम उसळताना ते तुंबतं, आणि स्थिर सुरावर हे दिसतच नाही. १९७० साली फिनलंडचे इंजिनिअर मत्ती ओताला यांनी हे दाखवून दिलं. मोजमाप अपुरं होतं. ते वाढवल्यावर दोष सापडला.

ट्यूबचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा, गोडवाही मोजता येतो. एक कारण म्हणजे दुसरा हार्मोनिक: मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर, कानाला न खुपणारा. दुसरं कारण मोठं आहे. फीडबॅक नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला त्याचा आतला विरोध, २ ओहम धरा. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असलं तरी एखाद्याचा इम्पीडन्स कुठल्या सुरावर ३ असतो, कुठल्यावर २०. ३ वर आवाज ४.४ डेसिबल पडतो, २० वर ०.८. म्हणजे सुरासुरांत साडेतीन डेसिबलहून थोडा जास्त फरक, आणि तोही त्या स्पीकरपुरता. आवडला तर जरूर घ्या, पण स्पीकर बदलला की गोडवाही बदलेल.

माझं खरं भांडण ‘दुकानात बसा, ऐका आणि घ्या’ याच्याशी आहे. धरमपेठेतले एक सर दोन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले होते. दुप्पट किमतीचा ‘जास्त मोकळा’ वाजतो, असं त्यांचं ठाम मत होतं. दोन्हींची नॉब एकाच खुणेवर ठेवून मी स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावला: एकावर २.८३ व्होल्ट, दुसऱ्यावर ३.०२. जेमतेम अर्ध्या डेसिबलहून थोडा जास्त फरक. एवढा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. पातळी जुळवली, दोन्हींवर चादर टाकली, काकूंनी स्विच फिरवला. सोळांपैकी नऊ वेळा सरांचं बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. सर बराच वेळ गप्प बसून होते.

यात कानांचा अपमान नाही. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत पडद्यामागून स्पीकर ऐकवले. लोकांनी बहुतेक तेच निवडले, ज्यांचे समोरून आणि बाजूंनी घेतलेले, कुठला सूर किती जोरात वाजतो हे दाखवणारे आलेख सपाट आणि सुरळीत होते. डोळे झाकले की कान आणि मीटर एकाच बाजूला येतात.

आणि एसी लावलेल्या शोरूममध्ये कानाला मे महिना ऐकू येत नाही. ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज (तो चालू राहायला लागणारा व्होल्टेज) सुमारे २ मिलिव्होल्ट उतरतो. भरपाईचं सर्किट नीट नसेल तर बायस करंट (गाणं नसतानाही वाहणारा प्रवाह) चढतो, त्यानं तो आणखी तापतो. गेल्या उन्हाळ्यात असाच एक महागडा अ‍ॅम्प्लिफायर आला, आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला. नवे टाकले, तासभर तापू दिला, एमिटरच्या रोधावर मीटर लावून बायस बसवला. दुपारी ४५ अंशांत परत मोजला. तेव्हाच घरी पाठवला.