‘९९ टक्के शुद्ध हायड्रोजन पुरे’ हा दावा नेमका कुठे चुकतो

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हायड्रोजन बसबद्दलचा एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फ्युएल सेलसाठी, म्हणजे बसमध्ये हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या उपकरणासाठी, ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन मागणं हा परदेशी कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. इंजिन ९८ टक्क्यांवर चालतं, मग सेल का चालू नये? एक टक्का भेसळ असली तर फार तर एक टक्का ताकद कमी मिळेल. सेल खराब झालाच, तर शुद्ध हायड्रोजन सोडून तो साफ करता येतो. तेव्हा फिल्टर लावा आणि पुण्याच्या कचऱ्यातून निघणारा हायड्रोजन थेट बसमध्ये भरा.

कचऱ्याचा प्रश्न सुटावा आणि बस धूर न सोडता धावावी, ही इच्छा माझीही आहे. म्हणूनच हा मजकूर तसाच पुढे जाऊ द्यावा असं मला वाटत नाही.

‘इंजिन चालतं, मग सेल का नाही?’

इंजिनाबद्दलचं वाक्य खरं आहे. आयएसओ १४६८७ या आंतरराष्ट्रीय मानकात इंजिनासाठीच्या हायड्रोजनला ९८ टक्के शुद्धता पुरते. पण इंजिनात हायड्रोजन जळतो, फ्युएल सेलमध्ये तो जळत नाही. तिथे प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांवर हायड्रोजनचा रेणू फुटतो, प्रोटॉन मेम्ब्रेनमधून, म्हणजे मधल्या पातळ पडद्यातून, पलीकडे जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात. सगळा कारभार त्या कणांच्या पृष्ठभागावर चालतो. तिथली जागा दुसऱ्या कुणी अडवली की काम थांबलं.

तापमानाचाही यात मोठा वाटा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याची केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी भारतीय बनावटीच्या फ्युएल सेलवर चालणाऱ्या गाडीची चाचणी घेतली. त्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा मोठा सहभाग होता. तो सेल ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला चालणारा होता. गाडीला असाच सेल सोयीचा, कारण तो लवकर सुरू होतो. पण एवढ्या कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला घट्ट धरून बसतो. १६० अंशांच्या आसपास चालणारे फॉस्फोरिक आम्लाचे सेल एखादा टक्का कार्बन मोनॉक्साइड सोसतात. सातशे-आठशे अंशांच्या सॉलिड ऑक्साइड सेलला तर तो इंधन म्हणूनच चालतो. गंधक मात्र त्यांच्यात प्लॅटिनमच्या जागी असलेल्या निकेललाही सोसत नाही.

‘एक टक्का भेसळ म्हणजे एक टक्का तोटा’

मजकुरातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. दुधात थोडं पाणी पडलं तर दूध पातळ होतं, तेवढंच लिंबू पडलं तर नासतं. नायट्रोजन हा पाण्यासारखा. त्याने हायड्रोजन विरळ होतो. न वापरलेला हायड्रोजन परत सेलमध्ये आणणाऱ्या नळीत तो साचत जातो, म्हणून अधूनमधून थोडा वायू बाहेर सोडावा लागतो. मानकात त्याला ३०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख रेणूंत ३०० पर्यंत मुभा आहे. कार्बन मोनॉक्साइडला ती फक्त ०.२ पीपीएम आहे: एक कोटी रेणूंत दोन. अमोनियाला ०.१ पीपीएम, कारण अमोनिया आम्लधर्मी मेम्ब्रेनमध्ये शिरून अमोनियम होतो आणि प्रोटॉनच्या जागा बळकावतो. गंधकाच्या सगळ्या संयुगांना मिळून ०.००४ पीपीएम, म्हणजे शंभर कोटी रेणूंत चार.

गंधकाचा हा आकडा अनेकांना वेडेपणाचा वाटतो. मी एक ढोबळ हिशेब मांडतो. मोटारीच्या स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या सेलच्या गठ्ठ्यात) हायड्रोजनच्या बाजूला, म्हणजे अ‍ॅनोडवर, ५ ग्रॅम प्लॅटिनम धरा. त्यातले पाव अणू पृष्ठभागावर आहेत असं समजा. म्हणजे कामाच्या जागा झाल्या साधारण ६.४ मिलिमोल (मोल हे अणू-रेणू मोजायचं एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग). एक किलो हायड्रोजन म्हणजे सुमारे ५०० मोल. त्यात १ पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असेल, तर किलोमागे अर्धा मिलिमोल गंधक आत येतं. एका जागेवर एक अणू चिकटून राहिला असं धरलं, तर १३ किलो हायड्रोजनमध्ये सगळ्या जागा भरतात. गाडीच्या टाकीत पाच-साडेपाच किलो मावतो, म्हणजे अडीच टाक्यांत खेळ संपला. आता १ पीपीएमऐवजी मानकातले ०.००४ घ्या. मुदत २५० पट लांबते: सव्वातीन हजार किलो. शंभर किलोमीटरला एक किलो या हिशेबाने सव्वातीन लाख किलोमीटर होतात, म्हणजे गाडीचं उभं आयुष्य. प्रत्यक्षात गणित इतकं सरळ नसतं, सगळं गंधक चिकटतच असंही नाही. पण ती मर्यादा हवेतून आलेली नाही, एवढं यावरून कळावं.

आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, हे विसरू नका.

खरं तर ९९.९७ हा आकडाही एकटा पुरेसा नाही. उरलेले ३०० पीपीएम नायट्रोजनचे असतील तर बस निवांत धावेल. तेच कार्बन मोनॉक्साइडचे असतील तर कागदावर शुद्धता तीच राहील आणि सेल मात्र थोड्याच वेळात दम तोडेल.

‘शुद्ध हायड्रोजन सोडला की साफ होतो’

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. शुद्ध वायू मिळाला की तो हळूहळू सुटतो. इंधनात किंचित हवा सोडून त्याला जाळण्याची युक्तीही आहे, पण त्यात पेरॉक्साइड तयार होऊन मेम्ब्रेनला इजा होण्याचा धोका असतो. अमोनिया थोडाच वेळ आला असेल तर सेल सावरतो, जास्त वेळ आला तर पूर्ण सावरेलच असं नाही. गंधक मात्र नुसत्या हायड्रोजनने हटत नाही. ते काढायला अ‍ॅनोडचा विद्युत विभव (व्होल्टेज) बराच वर न्यावा लागतो. प्रयोगशाळेत ते जमतं, रोज फेऱ्या मारणाऱ्या बसमध्ये ते कोण करणार?

‘फिल्टर लावा आणि कचऱ्याचा हायड्रोजन भरा’

साधा फिल्टर धूळ अडवतो. हायड्रोजन सल्फाइड हा वायू आहे, तो फिल्टरमधून आरपार जातो. ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसमध्ये तो शेकड्यांनी, कधी हजारांनी पीपीएम असतो. हजारावरून ०.००४ वर यायचं म्हणजे अडीच लाख पटींनी खाली यायचं. हे होऊ शकतं. झिंक ऑक्साइड किंवा सक्रिय कोळशाने गंधक धरायचं, मग वाफेबरोबर मिथेनचं रूपांतर करायचं, कार्बन मोनॉक्साइड कमी करायचा आणि शेवटी दाब बदलून शोषण करणाऱ्या स्तंभांतून वायू वेगळा करायचा. पुण्याजवळच्या उरुळी देवाची इथल्या डेपोतल्या कचऱ्यापासूनही बसच्या दर्जाचा हायड्रोजन निघू शकेल. माझा विरोध कचऱ्याला नाही, ‘थेट’ या शब्दाला आहे. पाण्याच्या विद्युतविघटनातून येणाऱ्या हायड्रोजनमध्ये गंधक आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती मुळातच कमी असते. तिथे पाहायचं ते बाष्प आणि ऑक्सिजन.

तेव्हा कुणी स्वस्त हायड्रोजनची योजना घेऊन आलं, तर ‘किती टक्के शुद्ध?’ एवढ्यावर थांबू नका. कार्बन मोनॉक्साइड, गंधक आणि अमोनिया यांचे वेगवेगळे आकडे मागा. नमुना कारखान्याच्या दारातून घेतला की बस भरायच्या नळीच्या तोंडातून, तेही विचारा. नमुन्याची बाटली कसली होती, हेही विचारा. गंधकाचे रेणू साध्या धातूच्या भिंतीला चिकटून राहतात आणि अहवालात गंधक दिसतच नाही. त्यासाठी आतून खास लेप दिलेली बाटली लागते.