वासाचं कुणी विचारलंच नाही

मुलं वयात येण्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण सगळा भर मुली लवकर वयात येण्यावर. मुलगे उशिरा वयात येतात त्यावर दोनच ओळी, त्याही 'धीर धरा' छापाच्या. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंय म्हणा, बाप उशिरा वाढला असेल तर पोरगाही उशिरा वाढतो. माझ्या भाच्याचं तसं नव्हतं. 17 वर्षांचा झाला तरी आवाज फुटला नव्हता, मिसरूड नाही. घरात एकच पालुपद, "होईल रे, मामावर गेलाय." (मामा म्हणजे मीच. मला नववीतच दाढी होती!)

शेवटी हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी मण्यांची माळ काढली. 1 ते 25 मिलीचे 12 मणी, त्यांच्याशी ताडून वृषणांचा आकार बघतात. 4 मिली म्हणजे वयात यायला सुरुवात झाली. हा 2 वरच. मग त्यांनी विचारलं, "तुला वास येतो का रे?" ताई एकदम गप्प. दूध करपलं तरी हा शेजारी बसून अभ्यास करायचा, आम्ही वेंधळा म्हणायचो.

निदान निघालं कालमन सिंड्रोम. गर्भात जीएनआरएच (वयात येण्याचा निरोप पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीला देणारं हार्मोन) बनवणाऱ्या पेशी नाकाकडून वासाच्या तंतूंच्या आधाराने मेंदूत पोचतात. ती वाट अर्ध्यात तुटली की वासही नाही आणि पिट्युटरीला निरोपही नाही.

आता टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत, आवाज घोगरा झालाय. वास मात्र नाही तो नाहीच. ताईने स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म बसवून घेतलाय.