चार तारा आणि दहा किलो

बेस गिटारसाठी कॉम्बो, म्हणजे स्पीकर एकाच खोक्यात असलेला अ‍ॅम्प घ्यायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, किती वॉटचा? माझा पहिला प्रश्न असतो, जिने किती? पुण्या-मुंबईत ज्या कॅफेत बँड वाजतात ती एक तर गच्चीवर असतात, नाहीतर तळघरात. लिफ्ट असते, पण ती किचनच्या मालासाठी. गायक तर माइकसुद्धा तिथलाच वापरतो. व्हायोलिनवाला पेटी काखोटीला मारून येतो. कहॉन म्हणजे हाताने वाजवायचं लाकडी खोकं; कहॉनवाला दमला की स्वतःच्या वाद्यावरच बसतो. बेसवाल्याच्या एका खांद्यावर चार-साडेचार किलोची गिटार, दुसऱ्या हातात अ‍ॅम्प, आणि वर पोचल्यावर मालक विचारतो, "दादा, हे नक्की लागतंच का?"

लागतं. ते का लागतं आणि जड का असतं, याला कारण आहे. जोसेफ अँटन हॉफमन हे केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. त्यांच्या नावाने स्पीकरवाल्यांत एक नियम चालतो: लहान खोकं, खोल आवाज आणि मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणतेही दोन मागा. तिसरा मिळणार नाही. दुकानात आपण तिन्ही मागतो, वर "वजनाला हलका दाखवा" म्हणतो, आणि विक्रेता हसत हसत हलका काढून दाखवतो. त्याचं चुकत नाही. त्यात खोल आवाज नाही, हे आपल्याला घरी कळतं.

आधीच्या पिढीने हा प्रश्न पाठीच्या जोरावर सोडवला होता. 1969 मध्ये आलेला अँपेगचा एसव्हीटी 300 वॉटचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा. नुसतं वरचं अ‍ॅम्पचं खोकं चाळीस किलोच्या आसपास आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट, ज्याला वादक फ्रीज म्हणतात. ते स्टेडियमसाठी ठीक होतं. आता क्लास डी नावाचं हलकं, कमी तापणारं सर्किट आलं, जड ट्रान्सफॉर्मर गेला, काही स्पीकरांमागे निओडायमियमचं हलकं चुंबक आलं. फेंडरचा रंबल 100 घ्या: 12 इंची एक स्पीकर, 100 वॉट, वजन साधारण दहा किलो. रंबल 40 दहा इंची आणि आठ किलोच्या आसपास. दहा किलो म्हणजे एका हातात अ‍ॅम्प आणि दुसऱ्या हाताने कठडा धरता येतो. माझ्या मते छोट्या कार्यक्रमाच्या अ‍ॅम्पची खरी व्याख्या हीच.

आता वॉटचा हिशेब. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबलची वाढ लागते आणि 10 डेसिबल म्हणजे दहापट वॉट. म्हणजे 40 वॉटचा दुप्पट 80 नव्हे, 400. चाळीसच्या जागी ऐंशीचा आणलात तर पदरात पडतात 3 डेसिबल. तेवढा फरक ड्रमरने घरी जेवून आल्यावरही पडतो. कहॉन, अकूस्टिक गिटार आणि एक गायक असेल तर 40 वॉट भागतात. खरा ड्रमसेट आला की 100 म्हणजे काठावर पास, आणि 200-300 असतील तर वादकाच्या चेहऱ्यावर थोडी शांती दिसते. जाहिरातीत 'पीक' असं लिहिलेला आकडा असेल तर तो न वाचल्यासारखा करावा, आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या वॉटचा आकडा विचारावा. आणखी एक गोम: खोक्यावर 500 लिहिलेलं असतं, पण ते 4 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). आतला स्पीकर 8 ओहमचा असेल तर प्रत्यक्षात 350 च्या आसपास निघतात. उरलेले वॉट मिळवायला 8 ओहमचं आणखी एक खोकं मागे जोडावं लागतं. दोन खोकी, म्हणजे जिन्याला दोन खेपा. आणि ते जोडायला स्पीकरची केबल हवी, गिटारची नव्हे. दोन्हींची पिन एकच, म्हणून लोक हमखास चुकतात. गिटारची केबल बारीक तारेची, ती तापते.

वॉट कुठे जातात याचा गुन्हेगार मात्र समोरच असतो: बेस असं लिहिलेला नॉब. आवाज पुरत नाही असं वाटलं की हात आपोआप त्याच्याकडे जातो. तो पुरा फिरवला की खालच्या सुरांत 10-15 डेसिबल वाढतात, म्हणजे जिथे 10 वॉट लागत होते तिथे तुम्ही 100 किंवा त्याहून जास्त मागताय. 100 वॉटचा अ‍ॅम्प तिथेच धापा टाकतो, आवाज फाटतोय हे सांगणारा क्लिपचा लाल दिवा लागून राहतो, स्पीकरचा पडदा भसाभसा आतबाहेर होतो आणि ऐकू काहीच जास्त येत नाही. गंमत अशी की बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की 41 हर्ट्झचा सूर निघतो आणि हे दहा-बारा इंची स्पीकर तो नीट वाजवतच नाहीत. कान त्याचे 82 आणि 123 चे वरचे सूर ऐकतो आणि खालचा 41 स्वतःच भरून घेतो. मेंदू फुकट काम करतोय, तर करू द्यावं.

ऐकू यायचं तर हात मिडकडे न्यावा. 400 ते 800 हर्ट्झच्या दरम्यान बेसचं नाक-डोळे असतात. घरी एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल वर, मिड खाली असा हसरा चेहरा करून आवाज फार गोड लागतो. बँडमध्ये तोच आवाज नाहीसा होतो, कारण खालची जागा किक ड्रमने घेतलेली असते, वरची झांजांनी, आणि मधली तुम्ही स्वतः दान केलेली असते. म्हणून क्रम असा: सगळे टोन नॉब मध्यावर, मास्टर, म्हणजे शेवटच्या आवाजाचा नॉब, शून्यावर. गिटारवर जितक्या जोराने वाजवणार तितक्याच जोराने, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकणं) मारणार असाल तर स्लॅप मारून, गेन, म्हणजे गिटारचा आत येणारा आवाज, वाढवत न्यायचा. क्लिपचा दिवा एकदा लुकलुकला की किंचित मागे. मग मास्टर. मग मिड थोडा वर. बेसला हात लावायचाच असेल तर डावीकडे. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाली गिटार असेल तर आधी इनपुटचं पॅड, म्हणजे येणारा आवाज कमी करणारं बटण दाबावं, नाहीतर दिवा दिवाळीपर्यंत विझत नाही.

विकत घेताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. दुकानातली गिटार नेहमी जास्त चांगली वाजते. जाड तारेवर मोकळ्या सुरापासून बाराव्या पट्टीपर्यंत (फ्रेटपर्यंत) एकेक सूर सावकाश, जोरात वाजवत जावं. कुठल्या तरी सुराला हँडल, पुढची जाळी नाहीतर कंपनीचा बिल्ला खडखडतो. तो खडखडाट कोणत्या स्क्रूचा आहे हे दुकानातच शोधावं. आणि ऐकायचं असतं चार मीटर लांबून, अ‍ॅम्पसमोर उकिडवं बसून नव्हे. दुसऱ्याला वाजवायला लावून आपण लांब उभं राहिलं की विक्रेता जरा गंभीर होतो.

खरी परीक्षा कॅफेतच होते. मालक जागा दाखवतो ती कोपऱ्यातली, कारण मधे टेबलं. कोपरा म्हणजे फुकटचे वॉट: खालच्या सुरांना प्रत्येक जवळची भिंत जास्तीत जास्त 6 डेसिबलपर्यंत उचलते, आणि 6 डेसिबल म्हणजे चौपट वॉट. गोव्यात एखाद्या फेस्ताला किंवा लग्नाला मोकळ्या मैदानावर वाजवताना हाच कोपरा देवासारखा आठवतो. तिथे भिंतच नसते, बेस समुद्राकडे निघून जातो आणि गच्च बंद कॅफेत दणदणणारा अ‍ॅम्प मुका वाटतो. तिथे स्टेजमागे एखादी भिंत दिसली तर अ‍ॅम्प तिला चिकटवून ठेवावा, लाजू नये.

कॅफेत मात्र उलटं, तिथे याच भिंती नडतातही. दोन समांतर भिंतींमधलं अंतर साडेअकरा फूट असेल तर 49 हर्ट्झचा सूर त्या दोघींमध्ये नेमका अर्ध्या लाटेत बसतो, आणि हा सूर म्हणजे जाड तारेची तिसरी पट्टी, इंग्रजी 'जी' (G). आपल्याकडे दहा ते बारा फुटी गाळे किती, हे सांगायला नको. मग गाणं व्यवस्थित चालू असतं आणि दर वेळी जी आला की कप बशीवर नाचतात, ड्रमरचा स्नेअर, म्हणजे तळाला तारा असलेला ड्रम, आपोआप खरखरतो, आणि सगळे बेसवाल्याकडे बघतात. साडेतेरा-पावणेचौदा फुटांच्या खोलीत तीच पाळी मोकळ्या ई तारेवर, म्हणजे त्याच जाड तारेवर, येते. यावर आवाज कमी करणं हे औषध नाही. मग बाकीचे सूर गायब होतात आणि जी तेवढा उरतो. अ‍ॅम्प भिंतीपासून पुढे, त्या दोन भिंतींच्या मध्याकडे सरकवायचा. मध्यावर त्या लाटेला बळ मिळत नाही. अर्धा मीटर सरकवून बघा, मग आणखी अर्धा. मालकाशी एका टेबलावरून घासाघीस करावी लागते. ड्रमरला स्नेअरची तार गाण्यांच्या मधे सोडायला सांगता येतं. सांगता येतं, एवढंच.

दुसरा घोळ उंचीचा. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की सगळा स्पष्टपणा आपल्या पोटऱ्यांना ऐकू येतो. म्हणून आपण वाढवतो, आणि चार मीटरवरच्या टेबलावरचं जोडपं कान झाकतं. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करावा, तोंड आपल्या डोक्याकडे. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊ नये. ती स्वतः वाजते. पोकळ लाकडी स्टेजवर तर उंचीवर ठेवणं भागच आहे, नाहीतर स्टेजच ढोल होतं.

वीज. आपली लाइन 50 हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग बिघडलेल्या जागी जो घूंऽऽ येतो तो जीच्या किंचित चढ्या सुरात असतो. म्हणजे साडेअकरा फुटी गाळ्यात खोलीही जीच्या बाजूने आणि महावितरणही जीच्या बाजूने. तारांना हात लावल्यावर घूं थांबत असेल तर ते नेहमीचं आहे, चालवून घ्या. जागेवर गर्रकन वळल्यावर कमी-जास्त होत असेल तर पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक-कॉइल, लायटिंगच्या डिमरची गुणगुण पकडतोय. जिथे कमी येतं तिथे तोंड करून उभं राहावं, भले मग पाठ प्रेक्षकांकडे होवो. मिक्सरला डीआयची, म्हणजे अ‍ॅम्पमधून थेट मिक्सरला आवाज देणारी वायर जोडल्याबरोबर सुरू होत असेल तर अ‍ॅम्पमागचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा (ते फक्त त्या वायरीचं अर्थिंग तोडतं) आणि अ‍ॅम्प नि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी तरी हमखास देतं. तो ऐकू नये. गिटारच्या तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या अडकवायच्या धातूच्या तुकड्यातून, अर्थिंगला जोडलेल्या असतात. हात तारेवर आणि ओठ माइकवर असताना दोन्हींच्या अर्थिंगमध्ये तफावत असेल तर मधला वायर आपण असतो. कोरस गाणाऱ्या बेसवाल्याने टेस्टर खिशात ठेवावा.

साउंडवाला भेटला तर त्याला डीआय द्यायची आणि प्री ईक्यूवर, म्हणजे टोन नॉबच्या आधीच्या आवाजावर ठेवायची, म्हणजे आपण नॉब फिरवले तरी त्याचं गणित बिघडत नाही. तो "अ‍ॅम्प बंद ठेवला तर?" असं विचारेल. त्यात तथ्य आहे: मोठे स्पीकर असतील तर प्रेक्षकांना बेस तिथूनच ऐकू द्यावा आणि कॉम्बो फक्त आपल्याला आणि ड्रमरला ऐकू येण्याइतका ठेवावा. बंद मात्र करू नये. मॉनिटरमध्ये बेस देतो म्हणणारा साउंडवाला गायकाचा रिव्हर्ब देतो.

राहता राहिला वरचा मजला. रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे हे सर्वांना माहीत असतं, पण तक्रार साडेआठलाच येते, आणि ती कायम बेसचीच असते. गायक कितीही किंचाळला तरी त्याचा वरचा सूर भिंतीत अडतो; खालचा सूर स्लॅबमधून आरपार जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पलंगाखाली पोचतो. त्यांना गाणं ऐकू येत नाही, फक्त धम्-धम् ऐकू येतं. मालक खुणा करत येतो. तेव्हा मास्टरला हात लावू नका. बेसचा नॉब मध्यापासून बराच डावीकडे घ्या, खालचे सूर कापणारा हाय पास फिल्टर असेल तर तो 80 हर्ट्झच्या आसपास लावा, मिड होता तिथेच राहू द्या. काका बहुतेक शांत होतात. बँडमध्ये कोणालाच फरक कळत नाही. गिटारिस्ट उलट म्हणतो, आज बेस चांगला ऐकू येतोय.