गिरगावात आपलं टेबल कुठलं? ठाकूरद्वारच्या कट्ट्यावर झालेलं भांडण

रविवारी रात्री ठाकूरद्वार नाक्याच्या अलीकडे, एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर आम्ही नेहमीचे पाच जण बसलेलो. विन्या नालासोपाऱ्याहून आलेला, सहा वर्षं झाली तिकडे राहायला जाऊन, पण रविवारी इकडे चक्कर मारल्याशिवाय त्याला करमत नाही. तर त्याच्या ऑफिसातल्या एका पोराने त्याला विचारलं की आता मेट्रो थेट गिरगावात येते, तर तुमच्याकडे खायला-प्यायला तुझ्या आवडीच्या जागा कुठल्या ते सांग. विन्याने तोच प्रश्न आमच्यात टाकला आणि पुढचा दीड तास कोणी उठलंच नाही.

पक्याने लगेच बोटं मोजायला घेतली. सकाळी विनय हेल्थ होमची मिसळ, वर पियुष. मग पणशीकरांचा खरवस. भूक उरली तर संध्याकाळी ताडदेवला सरदारची पावभाजी, लोणी वितळायच्या आत पहिला घास गेला पाहिजे. "झालं, आणखी काय पाहिजे त्याला?"

मी म्हटलं हे सगळं खरंय, ह्यातलं एकही नाव मी कापणार नाही, पण ही चवीची यादी झाली, ही कोणीही मोबाईलवर बघून देईल. आपली जागा म्हणजे जिथे आपल्याला अनोळखी माणसासमोर बसवतात आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही ती. पक्या म्हणाला म्हणजे काय? म्हटलं कयानीत जा ना, त्या इराण्याच्या हॉटेलात. धोबी तलावला, मेट्रो थिएटरसमोर, जेर महालच्या तळमजल्यावर, १९०४ पासून आहे. तू एकटा गेलास की वेटर तुला रिकाम्या खुर्चीकडे हात करतो, टेबलावर आधीच कोणीतरी बन मस्का चहात बुडवत बसलेला असतो, कधी कोर्टातला कारकून, कधी कॉलेजची पोरं, आणि जेर महालात वरती गोवेकरांचे कूड आहेत, म्हणजे गावोगावचे क्लब, बोटीवर नोकरीला जाणारे गोंयकार तिथे उतरायचे, त्यातलाही एखादा म्हातारा खाली चहाला आलेला असायचा. मी बारावीत असताना अशाच एका काकांनी मला समोर बसून अख्खा पेपर वाचून दाखवला होता, त्यांचं नाव मला आजपर्यंत माहीत नाही. पण कयानी म्हटलं की मला आधी ते आठवतात, मग मावा केक.

"पण ती इराण्याची जागा," विन्या म्हणाला, "त्याला गिरगावातलं आपलं काहीतरी सांगायला नको?"

इथे भाऊ तापले. भाऊ आमच्यात सगळ्यात मोठे, साठी उलटलेली, आम्ही अहो-जाहो करतो. म्हणाले, "अरे इराणातल्या यझ्द आणि केरमानहून आलेली माणसं ती. इकडे कोपऱ्याची दुकानं कोणी घेईना, कोपरा लाभत नाही म्हणायचे, ती त्यांनी घेतली असं आमचे वडील सांगत. कोपऱ्यामुळे दोन्ही रस्त्यांना दार झालं, उजेड आला, वारा आला. आणि त्या काळात सोवळं-ओवळं, जातीची खाणावळ वेगळी, पाणी वेगळं, तेव्हा ज्याच्याकडे चहाचे पैसे आहेत तो कोणीही त्या संगमरवरी टेबलावर बसत होता. ते आपलं नाही तर मग काय आपलं?" त्यावर विन्या काही बोलला नाही. मला भाऊंचं ते वाक्य फार आवडलं, मी अजून डोक्यात घोळवतोय.

मग ग्रँट रोडच्या बी. मेरवान ह्या इराण्याच्या हॉटेलाचं निघालं. १९१४ मधलं. २०१४ मध्ये शंभर वर्षं झाली आणि बातमी आली की बंद होतंय, तर मावा केकसाठी ही झुंबड उडाली, आणि मग दुरुस्ती करून पुन्हा उघडलं. पक्या तेव्हा रांगेत होता. भाऊंनी विचारलं त्याआधी शेवटचा कधी गेला होतास? पक्या म्हणाला तीनेक वर्षं झाली असतील. कोणी त्याला हसलं नाही कारण आमच्यातला प्रत्येक जण तसाच आहे. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमाचं तेच, तिथलं मासळीचं जेवण आम्ही अजून वर्णन करतो पण तो चालू असताना आम्ही महिन्याला एकदा तरी जात होतो का, तर नाही.

बारचा विषय विन्यानेच काढला. मी म्हटलं तिथेही माझं मोजमाप तेच, टेबल. फोर्टातलं कॅफे मिलिटरी बघ, १९३३ चं, खिमा घे, समोर थंड बिअरची बाटली, दुपारचे दोन वाजलेत, शेजारचा माणूस स्वतःचं धनसाक खातोय, कोणाला कोणाची घाई नाही. किंवा कुलाब्याला ताजच्या मागचं गोकुळ. आणि आपल्या गल्लीबोळातले साधे परमिट रूम, दिवा मंद, बशीत शेंगदाणे, एकटा माणूस क्वार्टर घेऊन बसलेला, त्याच्यासमोर दुसरा एकटा येऊन बसतो आणि अर्ध्या तासाने दोघं चकणा एकाच बशीतून खातात. नाव परमिट रूम का, तर १९४९ चा दारूबंदी कायदा, मोरारजीभाईंच्या काळातला, तो अजून पुस्तकात आहे, कागदावर आजही प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा विदेशीला पाच रुपये आणि देशीला दोन. परमिट रूमच्याही आधीच्या, दारूबंदीत चोरून चालणाऱ्या आंटीच्या अड्ड्यांचे किस्से भाऊंकडे ऐकावेत, इथे लिहायला जागा नाही पुरणार.

एवढा वेळ मेधा गप्प होती. मग म्हणाली, "तुझं ते दोन एकट्यांचं टेबल ऐकलं मी. त्यातला एक एकटा मी असते तर?"

आम्ही थांबलो.

म्हणाली, "मी ह्याच गल्लीत जन्मले. इथल्या एकाही परमिट रूममध्ये मी एकटी बसलेली नाही. एकदा ऑफिसच्या दोन मैत्रिणींबरोबर गेले एका ठिकाणी, नाव नाही घेत, तर वेटर म्हणाला मॅडम वरती फॅमिलीमध्ये बसा, खाली नको. आम्ही फॅमिली नव्हतो, आम्हाला फक्त बिअर प्यायची होती. मग तू म्हणतोस ती आपली जागा, त्या आपल्यात मी आहे का?"

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण खरंच मी हा विचार केला नव्हता, वीस वर्षं त्या टेबलांवर बसून. पक्या म्हणाला इराण्याकडे पण फॅमिली रूम असायचे ना, तर ती म्हणाली हो, पण कयानीत मी फर्स्ट इयरपासून खाली दाराजवळ एकटी बसत आलेय, एक चहा आणि खारी, परीक्षेच्या आधी दोन-दोन तास, आणि मला कोणी विचारलं नाही की कोणाची वाट बघताय. "विनयमध्ये पण नाही विचारत. शनिवारच्या गर्दीत समोर एक आजी बसवली त्यांनी, तिने माझ्या थालीपिठातला तुकडा मागितला आणि मी दिला. तुझं टेबल बरोबर आहे रे, पण त्याला चार पाय पाहिजेत."

त्यानंतर मी माझी यादी तिथल्या तिथे बदलली. परमिट रूम काढले नाहीत, मला त्या जागा मनापासून आवडतात आणि मी जात राहणार, पण विन्याच्या त्या पोराला पहिलं नाव ते नको, त्याच्याबरोबर त्याची बायको किंवा बहीण असेल तर त्यांना दारातूनच वर पाठवतील. पहिली कयानी, मग विनय, मग दुपारी मिलिटरी. पक्याने सरदार घुसवलंच शेवटी. भाऊंनी अट घातली की त्या पोराला सांगायचं, टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभा राहू नकोस, खुर्ची दिसली की विचार आणि बस.

साडेअकरा झाले, विन्याची गाडी जायला आली. मेधा उठता उठता म्हणाली बुधवारी सकाळी ऑफिसच्या आधी कयानीत, कोण येतंय? भाऊ येतो म्हणाले. पक्याने साडेसातचा गजर तिथेच लावला. विन्याने नालासोपाऱ्याहून किती वाजताची लोकल पकडावी लागेल ते मोबाईलवर बघितलं, आणि चर्नी रोडकडे चालता चालता ओरडून सांगितलं, माझ्यासाठी खुर्ची धरू नका, कोणासमोर बसवतील तिथे बसेन.