चार आण्याची कोंबडी

रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला जाणारा माणूस सुखी असतो. मी कॅमेरा घेऊन जातो.

सूर्य शालिनी पॅलेसच्या मागं उतरायला लागला की माझी पंचाईत सुरू. आभाळ नीट आलं तर पॅलेसचा कोळसा होतो, पॅलेस नीट आला तर आभाळ पांढरंफटक. दोन्ही एकाच फोटोत हवं असेल तर वरचा अर्धा भाग काळसर आणि खालचा स्वच्छ असा फिल्टर लेन्सपुढं लावायचा. थोडक्यात, लेन्सला बायफोकल चष्मा. हा गोलही मिळतो, पण गोलात काळं-पांढरं जिथं मिळतं ती रेघ मधोमध खिळलेली, आणि क्षितिज काही आपल्या सोयीनं मधोमध उभं राहत नाही. चौकोनी मात्र होल्डरच्या खाचेत बसतो, हवा तसा वर-खाली सरकतो. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे किमती बघितल्या, मग तर उडालीच.

100 मिलिमीटर रुंदीची चांगली काच, धातूचा होल्डर आणि तो लेन्सवर बसवायची रिंग, एवढ्यांची बेरीज माझ्या लेन्सच्या किमतीपुढं गेली. मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. ‘झेपेल तेवढंच घ्या’ हे दिवसातून दहादा लोकांना सांगतो. म्हणून स्वस्तातलं शोधायला लागलो, आणि आकड्यांच्या जंगलात शिरलो. फिल्टर किती काळा हे सांगायला एकजण 0.6 म्हणतो, दुसरा एनडी 4, तिसरा दोन स्टॉप. तिन्ही एकच, प्रकाश चौथाईवर येतो. यात मी फसलो नाही. महिना दीड टक्का म्हणा नाहीतर द.सा.द.शे. 18 म्हणा, आमचा जन्म त्यातच गेला.

फसलो ते 67 वर. माझ्या वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सच्या कडेवर 67 लिहिलंय. ऑनलाइन एक स्वस्त संच दिसला, तोही 67. छत्तीस गुण जुळल्यासारखं वाटून मागवून टाकला. आल्यावर कळलं की लेन्सवरचा 67 म्हणजे तिच्या तोंडाचा व्यास आणि फिल्टरवरचा 67 म्हणजे त्याची रुंदी. त्या बारक्या होल्डरच्या रिंगा 62 पर्यंतच येतात. माझी लेन्स त्याच्यापुढं म्हणजे बालवाडीच्या बाकावर पैलवान.

“अहो,” बायको म्हणाली, “झाकण आणायला जाताना डबा बरोबर न्यावा, एवढं तरी?”

मग कुणीतरी शाहूपुरीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या आण्णांचं नाव सांगितलं. ही खाचेची पद्धत 1978 मध्ये जाँ कोकाँ या फ्रेंच फोटोग्राफरनं बाजारात आणली, त्याच्या नावावरून कंपनी झाली कोकिन. मी ऑफिसातूनच फोन लावला आणि मोठ्यानं विचारलं, “आण्णा, तुमच्याकडं जुनं कोकिन पडलंय म्हणं?” काउंटरसमोरचे ठेवीदार पासबुक उचलून मागं सरकले.

आण्णांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेला आख्खा लग्नाचा सीझन होता. दिव्यांना चार-चार किरणं फोडणारा स्टार, नवरा-नवरीला बदामात बसवणारा काळा पत्रा, आभाळाला तपकिरी करणारा तंबाखू. हो, त्या रंगाचं नावच तंबाखू. निपाणी जवळ, त्यामुळं आपल्याकडं चालला असणार. मला राखाडी हवा होता. तो निघाला, 84 रुंदीचा, पी साइज. 200 रुपयांत सौदा झाला.

फिल्टर झाला. होल्डर 450. दोन लेन्सांच्या दोन रिंगा, 58 आणि 67, मिळून 400. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण हा मसाला रश्श्यात घालता येत नाही, एवढाच फरक.

सगळं जोडून वाइड लेन्स लावली तर फोटोच्या चारी कोपऱ्यांत काळे तुकडे. होल्डरला तीन खाचा, एकीपुढं एक. पुढच्या दोन इतक्या बाहेर आलेल्या की लेन्सलाच दिसत होत्या. शिवाजी उद्यमनगरात माझ्या मित्राचं लेथचं दुकान आहे. त्याच्यापुढं होल्डर ठेवला.

“केवढ्याला घेतलास हे?”

“साडेचारशे.”

“भावा, बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात आख्खा सिनेमाचा कॅमेरा बनवला. आणि तू प्लॅस्टिकच्या चौकटीला साडेचारशे मोजतोस?”

असं म्हणून त्यानं होल्डर व्हाइसमध्ये आवळला आणि हॅक्सॉ चालवला. मी डोळे मिटले. काळा भुसा त्याच्या चहाच्या ग्लासात पडत होता, तो बोटानं बाजूला करून चहा पीत होता. दोन मिनिटांत पुढच्या दोन्ही खाचा टेबलाखाली. कानस मारून त्यानं कडा गुळगुळीत केल्या. मजुरी मिसळीवर भागली, तीही त्यानं दोनदा कट मागून खाल्ली.

कोपरे स्वच्छ झाले. त्याच संध्याकाळी रंकाळ्यावर ट्रायपॉड लावला, फिल्टर सरकवत सरकवत झाडांच्या शेंड्यांवर आणून थांबवला. पॅलेसच्या मनोऱ्याचं टोक जरा काळवंडलं, कारण मनोरा क्षितिज पाळत नाही. पण खाली कमानी दिसत होत्या, वर ढग दिसत होते. माझ्या आयुष्यातला पहिला पुरा रंकाळा.

घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर लावला. बायकोनं लांबूनच बघितलं.

“गुलाल कशाचा उधळलाय? जोतिबाची यात्रा आहे होय?”

आभाळ खरोखर गुलाबी होतं. फिल्टरचं स्वस्त रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच, डोळ्यांना राखाडी दिसतं, पण सगळे रंग सारखे अडवत नाही. भाचा म्हणाला, “मामा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा की, मग आभाळ कॉम्प्युटरवर पाहिजे तेवढं गडद करता येतं. फुकट.” मी त्याला चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णांकडं गेलो. त्यांनी फोटो बघितला, हसले सुद्धा नाहीत.

“गुलाबी मारतंय व्हय? मग त्याच्यापुढं तंबाखू चढवायचा. दोन्ही एकदम. आम्ही असंच करत होतो, एका गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही बगा.” डबा उघडलेलाच होता. “तुम्ही घरचे. शंभर द्या.”

दिले. व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा आठवलं की होल्डरला आता खाच एकच आहे.

तेव्हापासून मित्राला फोन लावतोय. तोडलेले तुकडे भंगारात गेले का अजून टेबलाखालीच आहेत, एवढंच विचारायचंय. उचलत नाही.