लाइट बिल निम्मं होईल असं आम्ही म्हणालोच नव्हतो (एक स्टारच्या रिव्ह्यूला कॉम्प्युटर दुकानाचं उत्तर)

नमस्कार काका, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जुना ४५० वॅटचा कॉम्प्युटर काढून आम्ही तुम्हाला ३६ वॅटच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे "डबा", गळ्यात मारला, वीज वाचेल, बिल निम्मं होईल सांगितलं पण मे महिन्याचं बिल उलट वाढून आलं, आणि तेवढ्याच पैशात भाच्याने सेकंडहँड आय सेव्हन (इंटेलचा वरच्या रेंजचा प्रोसेसर) वाला कॉम्प्युटर मिळवून दिला असता. इतर लोकही हे वाचतायत म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी ते ४५० वॅट. एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) लिहिलेला आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, मशीन किती ओढतं ते नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे म्हणून घरात रोज हजार लिटर पाणी लागत नाही, तसंच. तुमचा कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाला जुना कॉम्प्युटर आणि जुना १९ इंची एलसीडी मॉनिटर (आत बारीक ट्यूबलाइट असलेला) मिळून आपण दुकानात प्लगमध्ये वॅटमीटर लावून बघितलं होतं, आठवत असेल, ११० च्या आसपास. नवीन मशीन आणि २२ इंची एलईडी मिळून ३० च्या आसपास. म्हणजे फरक ८० वॅट.

आता तुम्ही सकाळी शेअर मार्केट उघडायच्या आधी चालू करता, साडेतीनला मार्केट बंद झालं तरी गाणी वगैरे चालू असतात, धरा नऊ तास. ८० वॅट गुणिले ९ म्हणजे ७२० वॅट-तास, पाऊण युनिटही नाही. महिन्याचे २५ दिवस धरले तर १८ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर १८० रुपये. हाच हिशोब मी तुम्हाला बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिला होता, शोधा, असेल घरात. आणि एसी तुम्ही एप्रिलमध्येच लावलाय ना? दीड टनाचा एसी कंप्रेसर पूर्ण चालू असताना तासाला एक दीड युनिट खातो, म्हणजे कॉम्प्युटरने अख्ख्या महिन्यात वाचवलं ते एसी दोन तीन रात्रीत संपवतो 😅 त्याला आम्ही काय करणार. पण एक गोष्ट आहे, महावितरणचे स्लॅब असतात, १०० च्या वर, ३०० च्या वर रेट चढतो, त्यामुळे वाचलेले हे १८ युनिट तुमच्या बिलातले सगळ्यात महागडे युनिट असतात.

सेकंडहँड आय सेव्हनबद्दल. भाच्याने जो सांगितला तो थर्ड जनरेशन होता, २०१२ च्या काळातला, त्याचा प्रोसेसरच ७७ वॅटचा. तुम्हाला दिलेला इंटेल एन १०० प्रोसेसर सहा वॅटचा आहे आणि ब्राउझर, मार्केटचे चार्ट, एक्सेल याला तो त्या आय सेव्हनपेक्षा कुठे कमी पडत नाही. आय सेव्हन हे नाव ऐकून लोक भुलतात, जनरेशन कोणी विचारत नाही. शिवाय विंडोज ११ एखाददुसरा अपवाद सोडला तर अधिकृतपणे आठव्या जनरेशनच्या खाली चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट (म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुम्ही डीमॅट त्याच मशीनवर उघडता म्हणून मी अडून बसलो. भाचा गेम खेळणार असता तर गोष्ट वेगळी, त्याला मी स्वतः ग्राफिक्स कार्डवाला टॉवर दिला असता. "पुढेमागे लागेल" म्हणून ६५० वॅटचा एसएमपीएस घेणं पण असंच, ३० वॅटच्या लोडवर मोठा एसएमपीएस उलट वीज वाया घालवतो, ८० प्लसची (एसएमपीएस वीज किती कमी वाया घालवतो त्याचं सर्टिफिकेट) नेहमीची टेस्टसुद्धा २० टक्के लोडपासून सुरू होते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, फक्त लाइट बिल वाचवायला म्हणून चालू मशीन बदलू नका. वरच्या हिशोबाने वर्षाला दोन सव्वादोन हजार वाचतात, मशीनचे पैसे निघायला किती वर्षं जातील तुम्हीच बघा. दिवसाला तासभर वापर असेल तर मी जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून देतो आणि घरी पाठवतो. काकांचं मशीन तसंही बदलायचंच होतं, मदरबोर्ड जायला आला होता, मग बदलताना कमी वीज खाणारं घेतलं एवढंच. आणि काका, तुम्हीच फोनवर म्हणालात की लाइट गेल्यावर जुनाच युपीएस आता दुपटीपेक्षा जास्त वेळ टिकतो, ते रिव्ह्यूत आलं नाही बरं का.

डीव्हीडी ड्राइव्ह नाही ही तुमची तक्रार बरोबर आहे, या साइजच्या मशीनमध्ये तो येतच नाही, युएसबीचा बाहेरून लावायचा मिळतो, लग्नाच्या सीडी बघायला दोन दिवस दुकानातला घेऊन जा, पैसे नकोत. येताना मशीन पण आणा, स्क्रीनसेव्हर काढून दहा मिनिटांनी स्लीप लावून देतो, स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, मासे पोहत असले तरी मॉनिटर चालूच असतो. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी अकरानंतर कधीही या.